आत्यांना काय सांगायचं आणि ग्रुपवर काय पाठवायचं नाही

इंदूरच्याच एका ताईंनी मला विचारलं आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या आत्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आहे. घरात सगळ्यांनी ठरवलं की त्यांना 'पित्ताचे खडे आहेत' एवढंच सांगायचं. मी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसते. त्या विचारतात आणि मी खोटं बोलते. ख्रिस्ती माणसाला हे चालतं का? यरीहोच्या राहाबेने खोटं बोलून इस्राएली हेरांना वाचवलं, तिचं तर शास्त्रात कौतुकच आहे. दुसरं असं की आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चमत्कारांच्या आणि शास्त्रज्ञांच्या गोष्टी येत असतात. 'हे खरं आहे का?' असं मी एकदा विचारलं, तर 'देवाच्या गौरवासाठीच आहे ना, मग तुला काय त्रास?' असं ऐकावं लागलं. या दोन्हींत मोठं पाप कोणतं?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माझ्या मते दुसरं मोठं. तुम्ही आत्यांना 'खडे आहेत' म्हणता तेव्हा घरी परतताना तुमच्या पोटात कालवतं, म्हणून तर तुम्ही मला लिहिलंत. खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे, त्याचं ओझंही तुम्ही वाहता आहात. ग्रुपवर ज्यांनी तुम्हाला गप्प केलं त्यांच्यावर असं कुठलंच ओझं नाही, कारण खरं काय हे त्यांनी पाहिलेलंच नाही आणि पाहायची गरजही त्यांना वाटत नाही. पहिल्या चुकीतून माणूस परत येऊ शकतो, कारण त्याला वाट ठाऊक असते. दुसऱ्या चुकीत वाट चुकली आहे हेच कळत नाही. पण म्हणून पहिल्याला मोकळीक आहे असंही मी म्हणणार नाही. दोन्हींबद्दल नीट बोलू या.

मी एकतीस वर्षं पाळकपण केलं. त्यातली बरीच वर्षं दवाखान्यांत रुग्णांच्या उशाशी गेली आणि काही वर्षं मी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकवलं. तेव्हा जे सांगतो ते वाचून तर सांगतोच, पण खाटेशेजारी बसूनही सांगतो.

आज्ञा तुम्हाला पाठ आहे: आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. आपण प्रॉटेस्टंट हिला नववी म्हणतो, वसईकडचे कॅथलिक आठवी म्हणतात, कारण मोजायची पद्धत वेगळी आहे. यातला शब्द मात्र लक्षात घ्या. आज्ञेत 'खोटं बोलू नको' असं म्हटलेलं नाही, 'साक्ष' म्हटलं आहे. हा न्यायालयातला शब्द आहे. त्या काळी न्याय गावाच्या वेशीत व्हायचा, पोलिसांचा पंचनामा नाही की प्रयोगशाळेचा अहवाल नाही, दोन माणसांच्या तोंडच्या शब्दावर तिसऱ्याचा जीव जायचा. नाबोथाचं तसंच झालं. राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता, दोन भाडोत्री साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार केला. म्हणून तर बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सांगितलं आहे की एकट्याच्या साक्षीवर कुणाला दोषी धरू नये आणि न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी. साक्षीदार खोटा निघाला तर जी शिक्षा तो दुसऱ्यावर आणणार होता तीच त्याला व्हावी. म्हणजे मनात कपट नसणं पुरेसं नाही, चौकशी करणं हाही आज्ञेचाच भाग आहे. आणि आज्ञेच्या केंद्रस्थानी शेजारी आहे, ज्याच्याबद्दल आपण बोलतो तो आणि ज्याच्याशी बोलतो तोही.

आणखी एक शब्द. आपण प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणतो. ज्या हिब्रू धातूतून हा शब्द आला, त्यातूनच तिथला 'सत्य' हा शब्दही आला आहे. त्या धातूचा अर्थ पक्कं असणं, भार पेलणं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू 'मी तुम्हाला खचीत खचीत सांगतो' म्हणतो, तिथे मुळात 'आमेन, आमेन' आहे. घराची तुळई खरी आहे की पोखरलेली, हे आपण तिच्यावर भार टाकून पाहतो. बायबलमधलं सत्य त्या अर्थाचं आहे. ज्याच्यावर माणसाला आपला जीव टेकवता येतो ते.

आता राहाबेकडे. हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी दरवर्षी विचारला आणि दरवर्षी वर्गात दोन तट पडले. राहाबेने हेर लपवले आणि 'ते निघून गेले' असं राजाच्या माणसांना सांगितलं. निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या इब्री सुइणींनीही फारोला थाप मारली, की इब्री बायका आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात. (त्यातल्या एकीचं नाव मराठी शास्त्रात शिप्रा आहे. माळव्यातल्या पोरांना हे नाव वाचून आपली नदी आठवते, आणि मग ती सुईण ती पोरं कधी विसरत नाहीत.) देवाने त्या सुइणींचं भलं केलं असंही तिथे लिहिलं आहे.

चर्चच्या इतिहासात या प्रश्नावर सगळ्यात कठोर उत्तर उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टीनचं. खोटेपणावर त्याने दोन स्वतंत्र निबंध लिहिले, एक 395च्या सुमारास आणि दुसरा 420च्या सुमारास. मनात एक आणि ओठावर दुसरं, तेही समोरच्याला फसवण्याच्या इराद्याने, ही त्याची खोटेपणाची व्याख्या. असं बोलणं कधीही, कुणासाठीही योग्य नाही, असं तो म्हणतो. सुइणींना देवाने बक्षीस दिलं ते त्यांच्या दयेबद्दल, खोटेपणाबद्दल नव्हे. आपल्याच गावच्या, थगास्तेच्या, फिर्मुस नावाच्या बिशपाची गोष्ट तो सांगतो. बिशपाने एका माणसाला आसरा दिला होता. सम्राटाचे शिपाई आले. बिशप म्हणाला, मी खोटं बोलणार नाही आणि त्याला तुमच्या हवालीही करणार नाही. त्याचे हाल हाल केले, तरी त्याने तोंड उघडलं नाही. शेवटी सम्राटापुढे नेलं, तेव्हा त्याचं धैर्य पाहून सम्राटानेच त्या माणसाला माफी दिली.

ताई, तुमच्यासाठी मात्र ऑगस्टीनची दुसरी एक जागा महत्त्वाची आहे. नंतरच्या निबंधात तो जवळजवळ तुमचाच प्रसंग मांडतो. एक माणूस मरणपंथाला लागला आहे, त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे आणि हे त्याला माहीत नाही. तो तुम्हाला विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? खरं सांगितलं तर धक्क्याने जाईल. इथे ऑगस्टीन हेलावतो आणि तसं कबूलही करतो. आपण माणसं आहोत, माणसांत राहतो, अशा वेळी माझंही मन डळमळतं, असं तो सांगतो. तरी उत्तर बदलत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या उत्तरापेक्षा त्या कबुलीने माझा त्याच्यावर विश्वास बसला.

पुढे 13व्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने खोटेपणाचे तीन प्रकार केले: थट्टेतलं, मदतीपोटी बोललेलं आणि अपाय करणारं. तिन्ही चूकच, पण तिसरं इतर दोहोंहून कितीतरी जड. सतराव्या शतकात ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताने वेगळी वाट काढली. ज्याला सत्य जाणण्याचा हक्कच नाही, त्याला चुकीचं सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तो म्हणाला. या वाटेचं आकर्षण केवढं आहे हे पाहा. 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात खोटेपणाच्या व्याख्येत 'ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याला' अशी शब्दयोजना आली होती, आणि 1997च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ती काढून टाकली. एवढ्या एका वाक्यखंडावरून अजूनही विद्वानांत वाद चालतात. पळवाटांचीही चर्चला सवय झाली होती. अर्धं वाक्य मोठ्याने बोलायचं आणि उरलेलं मनात म्हणायचं, म्हणजे खोटं ठरत नाही, अशी युक्ती काही पंडित शिकवत असत. पोप अकरावा इनोसंट याने 1679 मध्ये तिचा निषेध केला. आपल्याकडे याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात, जास्त सांगायला नको.

मग जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर. नाझींच्या तुरुंगात असताना त्याने खरं बोलण्यावर एक अपुरा निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण असं: शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतो, तुझे वडील रोज दारू पिऊन घरी येतात, हे खरं ना? ते खरं असतं. मुलगा 'नाही' म्हणतो. बोनहॉफर म्हणतो, मुलगा खोटं बोलला हे खरं, पण दोष त्या शिक्षकाचा आहे, कारण घराच्या आत शिरून असं विचारायचा त्याला अधिकारच नव्हता. मोठ्या माणसाला घर राखूनही खोटं टाळणारं उत्तर सुचलं असतं, त्या पोराजवळ तेवढे शब्द नव्हते. कोण, कुणाला, कोणत्या नात्याने बोलतो आहे, हे वगळून सत्य सांगताच येत नाही, असं त्याचं म्हणणं. ज्या माणसाला 9 एप्रिल 1945 रोजी फाशी दिली गेली आणि ज्याच्या एका चुकीच्या शब्दाने चौकशीत दुसऱ्यांचे जीव गेले असते, त्याने हे लिहिलं आहे.

माझं मत विचाराल तर राहाबेच्या दारात मी उभा असतो आणि फिर्मुसचं धैर्य माझ्यात नसतं, तर मी खोटं बोललो असतो आणि रात्री देवाजवळ क्षमा मागितली असती. पण ताई, राहाबेच्या दारात खून करायला निघालेली माणसं होती. तुमच्या दारात तुमची आत्या आहे. राहाबेचं उदाहरण इथे लागूच होत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे एक काका होते, कापड गिरणीत मुकादम होते. घशाचा कॅन्सर होता. मुलांनी त्यांना टॉन्सिल वाढल्याचं सांगितलं होतं आणि मलाही हात जोडून सांगितलं, पाळकसाहेब, काही बोलू नका. मी बोललो नाही. एक दिवस मुलगा चहा आणायला खाली गेला तेव्हा काकांनी उशीखालून घडी घातलेला कागद काढला. सिकाईचा, म्हणजे किरणोपचाराचा कागद, तारखांवर शिक्के मारलेले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "इथला वॉर्डबॉय पहिल्याच दिवशी विचारत होता, बाबूजी, कितवी सिकाई? टॉन्सिलला सिकाई देतात होय?" मी विचारलं, मुलांना का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "पोरं एवढी मेहनत घेतात लपवायला, त्यांना वाईट वाटेल."

त्यांचा एक भाऊ देवासला होता. जमिनीवरून अठरा वर्षांचा अबोला. काकांना त्याला बोलवायचं होतं, पण बोलवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की मुलांचं नाटक उघडं पडणार. मी मुलांशी बोलायला आणखी तीन-चार दिवस घेतले, शब्द जुळवत राहिलो. तेवढ्यात त्यांची वाचा गेली. भाऊ आला तो बाराव्या दिवशी. त्या तीन-चार दिवसांबद्दल मी आजही स्वतःला जाब विचारतो.

इफिसकरांच्या पत्रात पौल लिहितो की आपण एकमेकांचे अवयव आहोत, म्हणून खरं बोला. कारण काय देतो तो? शिक्षा होईल असं म्हणत नाही. डोळ्याने पायाला खड्डा सांगितला नाही तर पाय पडेल, इतकं सरळ आहे. त्या घरात सगळ्यांचं काकांवर प्रेम होतं आणि काका शेवटचे दोन महिने एकटे होते.

म्हणून तुमच्या आत्यांबद्दल माझा सल्ला असा. उठून जाऊन कॅन्सर हा शब्द त्यांच्या पुढ्यात टाकू नका. खोटं न बोलणं आणि सगळं बोलून टाकणं, या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे आणि त्या अंतरात गप्प राहायला जागा आहे. ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून इंदूरची आपली जुनी मंडळी उभी राहिली (कॅनडाच्या मिशनऱ्यांनी इथे 1877 साली काम सुरू केलं), तिच्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत नवव्या आज्ञेखाली मोडणाऱ्या पापांची भली लांब यादी आहे. त्यात खोट्याबरोबर 'अवेळी बोललेलं सत्य' आणि 'वाईट हेतूने बोललेलं सत्य' हेही आहे. आणि त्याच यादीत, न्याय्य गोष्टीसाठी बोलायला हवं तेव्हा गप्प बसणं, हेसुद्धा आहे.

मग करायचं काय? आधी विचारायचं. आत्यांना किती जाणून घ्यायचं आहे हे तुम्ही ठरवू नका, घरच्यांनी तर मुळीच ठरवू नये. जवळ बसा, हात हातात घ्या आणि म्हणा, "आत्या, डॉक्टर जे सांगतात ते सगळं तुम्हाला समजून घ्यावंसं वाटतं, की ते आम्ही बघावं आणि तुम्ही आराम करावा?" काही जण म्हणतात, तुम्हीच बघा, मला नको सांगू. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यानंतर तुमच्या गप्प राहण्यात खोटं काही उरत नाही. पण पुष्कळ जण, माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त, लगेच उत्तर देत नाहीत. तुमच्याकडे बघत राहतात, आणि मग असं काही विचारतात की कळतं, त्यांना अंदाज आहे. तेव्हा मात्र 'खडे आहेत' म्हणायचं नाही. "साधे खडे नाहीत आत्या, आजार मोठा आहे" एवढं पुरे. पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या. जेवढं विचारतील तेवढंच सांगा, आणि ज्याचं उत्तर डॉक्टरांनाच देता येईल ते डॉक्टरांना देऊ द्या. किती दिवस आहेत, हे आपण सांगायचंच नाही, ते कुणालाच पक्कं माहीत नसतं.

घरचे म्हणतील, 'धीर सुटेल त्यांचा.' काहींचा सुटतो, दोन दिवस रडतात, जेवत नाहीत. मी पाहिलं आहे. पण त्यानंतर त्याच बायका दागिने कुणाला द्यायचे ते सांगतात, सुनेला लोणच्याचं प्रमाण लिहून घ्यायला लावतात, प्रभुभोजन मागून घेतात. हे सगळं 'पित्ताच्या खड्यां'मध्ये होत नाही.

आता दुसरा प्रश्न, त्यावर मला जास्त बोलायचं आहे.

रोमी सुभेदार पिलाताचा प्रसंग आठवा. समोर बांधलेला येशू उभा आहे. तो म्हणतो, मी सत्याविषयी साक्ष देण्यासाठी जगात आलो. पिलात विचारतो, "सत्य काय आहे?" आणि योहान पुढच्याच ओळीत लिहितो की एवढं विचारून तो पुन्हा बाहेर यहुद्यांकडे गेला. उत्तर ऐकायला थांबलाच नाही. पिलात त्या क्षणी खोटं काहीच बोलला नाही. उलट, या माणसात मला काही दोष दिसत नाही, हे त्याने बाहेर जाऊन सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण खरं काय याने त्याच्या वागण्यात तिळमात्र फरक पडत नव्हता. लोक काय ओरडतात याने पडत होता. ऑगस्टीनसुद्धा, खोटं आहे हे माहीत नसताना खोटं सांगणाऱ्याला लबाड म्हणत नाही, पण निर्दोषही सोडत नाही. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं सांगणं हा उतावळेपणा आहे, असं तो म्हणतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी 1986 साली हाच भेद नव्याने मांडला. लबाड माणूस सत्यावर नजर ठेवून असतो, ते टाळायचं म्हणून. दुसरा एक प्रकार असतो ज्याला आपण सांगतो ते खरं की खोटं याच्याशी देणंघेणंच नसतं, परिणाम साधला की झालं. सत्याला धोका या दुसऱ्याकडून जास्त, असं त्यांचं प्रतिपादन. मराठीला यासाठी वेगळ्या शब्दाची गरज नाही. आपल्याकडे खोटं बोलणं वेगळं आणि थापा मारणं वेगळं. थापाड्याला आपण हसून सोडून देतो. 'लोणकढी' म्हणतो, म्हणजे त्याच्या थापेला आपण ताज्या तुपाची उपमा देतो. पारावर ते ठीक आहे. व्यासपीठावरून, देवाच्या नावाने तीच थाप आली की हसून सोडता येत नाही.

मी हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. पाळक झाल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी मी उपदेशात एक गोष्ट सांगितली. नासाचे शास्त्रज्ञ संगणकावर ग्रहांच्या जागा मागे मागे मोजत गेले, तर एक दिवस कमी भरला. मग कुणीतरी यहोशवाचा दहावा अध्याय काढला, सूर्य थांबला तो. तिथले 23 तास 20 मिनिटं आणि हिज्कीयाच्या वेळी सावली दहा अंश मागे गेली ती 40 मिनिटं, मिळून बरोबर एक दिवस. लोक भारावून गेले. मीही गेलो होतो, एका इंग्रजी पत्रकात वाचून.

उपासना संपल्यावर शेवटच्या बाकावर बसणारे एक निवृत्त गणिताचे शिक्षक माझ्याजवळ आले. सगळे जाईपर्यंत थांबले होते. म्हणाले, "पाळकसाहेब, घड्याळ किती मागे पडलं हे कळायला दुसरं घड्याळ लागतं. त्या लोकांकडे दुसरं घड्याळ कोणतं होतं?" मी गप्प. खरंच आहे, आजच्या स्थितीवरून मागे मोजत गेलं तर गणित स्वतःशीच जुळत राहतं, 'कमी' दिवस त्यात दिसणारच कसा? मग मी शोध घेतला. ती कथा 1970च्या सुमारास हॅरॉल्ड हिल नावाच्या अमेरिकन गृहस्थांमुळे सगळीकडे पसरली, आणि असं काही आपल्याकडे घडलं नाही असं नासाने सांगितलेलं होतं. पुढच्या रविवारी मी व्यासपीठावरून ते सांगितलं. सगळ्यात वाईट वाटलं ते एका नववीतल्या मुलाचं. त्याने ती गोष्ट सोमवारी शाळेत सांगितली होती आणि विज्ञानाच्या सरांनी ती वर्गासमोर खोडून काढली होती. त्यानंतर कितीतरी महिने तो मुलगा संडे स्कूलला आला नाही. यहोशवाच्या पुस्तकावरचा त्याचा विश्वास उडाला तो यहोशवामुळे नाही, माझ्यामुळे.

तुमच्या ग्रुपवर 'डार्विनने मरताना विकासवाद सोडून येशूला स्वीकारलं' ही गोष्टही आली असणार, दर दोन-चार महिन्यांनी येतेच. डार्विन वारला 1882 मध्ये. लेडी होप नावाच्या बाईंच्या नावावर ही कथा 1915 मध्ये एका अमेरिकन बॅप्टिस्ट साप्ताहिकात छापून आली. डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने 1922 मध्ये जाहीरपणे लिहिलं की वडिलांच्या मरणसमयी मी हजर होते, लेडी होप नव्हत्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी खोडलेली गोष्ट आपण अजून पुढे ढकलतो आहोत.

'देवाच्या गौरवासाठी आहे ना' याला शास्त्रात थेट उत्तर आहे. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन खूप बोलतात, तेव्हा तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना विचारतो, तुम्ही देवासाठी कपटाचं बोलणार काय? आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. पौलही रोमकरांच्या पत्रात, माझ्या खोटेपणामुळे देवाचा महिमा वाढत असेल तर बिघडलं काय, हा युक्तिवाद स्वतःच मांडतो आणि फेटाळतो. ऑगस्टीनचा 420चा निबंध याच मुद्द्यावर आहे. कोन्सेन्टियुस नावाच्या एकाने त्याला सुचवलं होतं की पाखंडी लोक शोधून काढण्यासाठी आपणही पाखंडी असल्याचं सोंग करावं. ऑगस्टीन म्हणाला, खोटेपणा उघडा पाडायला खोटेपणा वापरायचा नाही.

साक्षीच्या सभांबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे जीव जातात. आपण 'साक्ष' हाच शब्द तिथेही वापरतो, आज्ञेतलाच. एका सभेत एका भावाने सांगितलं की प्रार्थनेने माझी शुगर पूर्ण गेली. ऐकणाऱ्यांत एक बाई होत्या, इन्सुलिन घेणाऱ्या. त्यांनी विश्वासाने इन्सुलिन बंद केलं. पाचव्या दिवशी त्यांना बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणलं तेव्हा मी तिथेच होतो. शुगर पाचशेच्या वर. वाचल्या. मी त्या भावाला नंतर भेटलो. ते तेव्हाही सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत होते. "ते सांगितलं असतं तर साक्ष कमजोर पडली असती," असं म्हणाले. त्यांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्या बाईंचा विचारच त्यांच्या मनात आला नव्हता.

येशूने दहा कोडी बरे केले तेव्हा त्यांना काय सांगितलं? जा, याजकांना दाखवा. नियमशास्त्राप्रमाणे तपासणीचा अधिकार याजकांचा होता. येशूला तपासणीची भीती नव्हती. फ्रान्समधल्या लूर्द इथे 1883 पासून बरं झाल्याच्या दाव्यांची डॉक्टरांकडून छाननी होते. सात हजारांहून जास्त दावे नोंदले गेले आणि चमत्कार म्हणून मान्यता मिळालेले शंभराच्या आत आहेत. त्या सगळ्याशी आपण प्रॉटेस्टंट सहमत असू वा नसू, पण 'आधी रिपोर्ट दाखवा' म्हणण्याची शिस्त मला आवडते. आपल्या मराठी मंडळीत तर याहून जवळचं उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत आपण किती रडलो, किती भांडलो, सोवळं कसं धरून बसलो, यातलं काहीही लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त झाकलं नाही. नव्वद वर्षं होत आली, ख्रिस्ती नसलेला वाचकही त्या पुस्तकावर विश्वास ठेवतो.

ग्रुपवर तुम्ही काय करायचं? भांडू नका, आणि कुणाला सगळ्यांदेखत लबाड म्हणू नका, कारण ते लबाड नाहीत. या आज्ञेचा अर्थ सांगताना ल्यूथर म्हणतो की शेजाऱ्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा. तो नियम इथेही पाळा. ज्याने पाठवलं त्याला वेगळा फोन करा. "भैया, हे कुठून आलं, तुम्हाला ओळखीचं कुणी आहे का यात?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'आलं तसं पाठवलं.' मग म्हणा की पुढच्या वेळी आपण दोघं मिळून आधी बघू. तुम्ही एकट्या पडाल हे मला माहीत आहे. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात खोटी अफवा पसरवू नको म्हटल्यावर लगेच पुढच्या वचनात सांगितलं आहे की पुष्कळांच्या मागे लागून वाईट करू नको. आणि तुकोबांची ओळ तुम्हाला शाळेपासून पाठ असेल: सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता. ग्वाही म्हणजे पुन्हा साक्षच. टिळक म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तो पूल आपल्याला अजून वापरता येतो.

पण ग्रुपचं थोडं थांबू शकतं, आत्यांचं नाही. या आठवड्यात आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि सांगा की आत्यांनी विचारलं तर घरचे तुम्हाला अडवणार नाहीत. मग आत्यांच्या मुलांना एकत्र बसवा, मी वर लिहिलेल्या मुकादम काकांची गोष्ट त्यांना सांगा. त्यांना अवघड वाटत असेल तर मी येतो. रविवारी उपासनेनंतर मी मोकळा आहे, आणि आत्यांना आवडत असेल तर येताना टिळकांच्या भजनांचं पुस्तक घेऊन येईन.